रोमन शिपायाची वहाण

रोमन साम्राज्याचा इतिहास वाचतांना विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढें जें चित्र उभें राहतें, त्यांत शिरस्त्राण असतें, लांबट ढाल असते, आंखूड तलवार असते आणि गरुडाचें निशाण असतें. चित्रकारही आपला बहुतेक रंग याच वस्तूंवर खर्च करितो. त्या शिपायाच्या पायांत काय होतें, हें मात्र फारसें कोणी विचारीत नाहीं. वास्तविक ब्रिटनपासून युफ्रेटीस नदीपर्यंतचा मुलूख त्या सैन्यानें पायीं तुडविला. लढाईचे दिवस वर्षांतून थोडे. चालण्याचे दिवस पुष्कळ. म्हणून आज आपण मान खालीं घालून त्याच्या पायांकडे पाहूं.

रोम कोठें आणि पालघर कोठें, असें कोणी म्हणेल. परंतु आपला जिल्हा (हा १ ऑगस्ट २०१४ रोजीं ठाणें जिल्ह्यांतून वेगळा झाला) आणि रोमन जग यांची ओळख जुनी आहे. वसई तालुक्यांतील सोपारें म्हणजे प्राचीन शूर्पारक. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत ग्रीक भाषेंत लिहिलेल्या 'पेरिप्लस' नांवाच्या समुद्रप्रवासाच्या ग्रंथांत या बंदराचें नांव 'सुप्पारा' असें आलें आहे. त्याच शतकांतील रोमन ग्रंथकार प्लिनी सांगतो कीं, हिंदुस्थानाकडे येणाऱ्या गलबतांवर चांचे लोकांच्या भयास्तव तिरंदाजांच्या तुकड्या ठेवाव्या लागत. रोमची फौज आपल्या किनाऱ्यावर कधीं चालून आली नाहीं. आले ते व्यापारी व त्यांचे रखवालदार. त्या काळच्या रोमन शिपायाच्या पायांत जी वहाण असे, तिचा विचार आतां करूं.

लॅटिन भाषेंत तिला 'कॅलिगा' म्हणत. साध्या शिपायापासून सेंच्युरियनपर्यंत, म्हणजे सुमारें ऐंशी माणसांवरील नायकापर्यंत, सर्वांच्या पायांत हीच असे. ती करण्याची रीत मोठी मनोरंजक आहे. कमावलेल्या कातड्याचा एकच तुकडा घ्यावयाचा आणि तो असा कापावयाचा कीं, मधला भाग पावलाखालीं राहील व दोहों बाजूंस वाद्यांची जणू जाळी सुटेल. टांचेमागें दोन्ही टोकें जुळवून शिवावयाचीं. मग त्याच्या खालीं जाड असा बाहेरचा तळ आणि आंत, पावलास लागणारा, दुसरा तळ बसवावयाचा. असे तीन थर झाले. हे थर घट्ट धरून ठेवण्याचें मुख्य काम लोखंडी खिळ्यांचें. खिळा खालून ठोकला म्हणजे त्याचें टोंक आंतील लोखंडी आधारावर आपटून वळे व कातड्यांत रुतून बसे. रस्त्याच्या कडेस बसणारा आपल्याकडील मोची लोखंडी पायावर जोडा पालथा घालून आजही हेंच करितो. एकेका वहाणेस सामान्यतः ऐंशीनव्वद खिळे असत, व त्यांचीं डोकीं घुमटासारखीं फुगीर असत. शेवटीं बोटांपासून घोट्याच्या वरपर्यंत एक लांब वादी ओवून ती आंवळली कीं वहाण पायाशीं एकजीव होई. पाय थोडा रुंद असो कीं अरुंद असो, वादी सैल किंवा घट्ट केली म्हणजे झालें. एकाच मापाची वहाण अनेकांस चालावी, ही सोय हजारों माणसांस पादत्राणें पुरविणाऱ्या सरकारास किती मोलाची वाटली असेल, हें सांगावयास नको.

आमच्याकडे तिच्याशीं ताडून पाहण्याजोगी वस्तु म्हणजे कोल्हापुरी चप्पल. तिचाही तळ थरावर थर ठेवून केलेला असतो, आणि तो बहुधा म्हशीच्या कातड्याचा असतो. तिचें कातडेंही झाडाच्या सालीनेंच कमावितात. रोमन लोक ओक नांवाच्या वृक्षाची साल घेत, आमचे कारागीर बाभळीची साल व हिरडा घेतात. भेद आहे तो जोडण्याच्या रीतींत. कोल्हापुरी वहाणेंत खिळा नसतो. तिचे थर कातड्याच्याच बारीक वादीनें शिवलेले असतात. पायघोळ धोतर नेसून पेठेंतून अथवा शेताच्या बांधावरून जाणाऱ्या माणसाची ती वहाण. तिला खिळ्यांची गरज कशी भासावी?

आतां कोणी विचारील कीं, थंडीवाऱ्याच्या देशांत जाणाऱ्या शिपायास अशी जाळीदार, उघडी वहाण कां दिली? या प्रश्नाचें उत्तर ज्यानें आषाढांत आपल्या भागांतील खाजणांतून वा भातखाचरांच्या कडेनें वाट काढली आहे, त्यास सहज सुचेल. बंद बूट घालून पाण्यांत शिरलें कीं पाणी आंत साचतें. कातडें भिजून जड होतें. पावलाची कातडी सोलपटते, आणि दुसऱ्या दिवशीं माणूस लंगडत चालतो. उघड्या वहाणेंतून पाणी आलें तसें निघून जातें व पाय वाऱ्यानें लवकर सुकतात. वाळूचा खडा आंत गेला तर पाय झटकला कीं तो बाहेर पडतो. लांब मजल मारणाऱ्या सैन्यास शत्रूच्या भाल्याइतकेंच पायाच्या फोडांचेंही भय असतें. रोमन युद्धशास्त्रावर लिहिणारा उत्तरकालीन ग्रंथकार व्हेजिशियस म्हणतो कीं, नव्या भरतीच्या शिपायानें नेहमींच्या लष्करी चालीनें उन्हाळ्यांतील पांच तासांत वीस रोमन मैल चाललें पाहिजे. वीस रोमन मैल म्हणजे सुमारें ३० किलोमीटर. आपल्या हिशेबानें बोलावयाचें तर पालघरहून निघून, बोईसर व वाणगांव मागें टाकून, डहाणूच्या थोडें अलीकडे पोंचण्याइतकें हें अंतर आहे. रोमन लोक दिवसाच्या उजेडाचे बारा भाग पाडीत, त्यामुळें त्यांचा उन्हाळ्यांतील तास आपल्या तासाहून मोठा असे, ही सवलत जमेस धरली तरी अंगावर हत्यारें व सामान घेऊन एवढें चालणें हें पोरखेळ नव्हे.

या सर्व रचनेचा प्राण म्हणजे ते खिळे. त्यांच्या योगानें कातड्याचा तळ झिजत नसे, आणि माती, गवत व उतार यांवर पाय घट्ट रोवला जाई. गमतीची गोष्ट ही कीं, घोड्यांच्या खुरांस खिळे ठोकून नाल मारण्याची चाल रोमन लोकांत रूढ नव्हती. त्यांच्यांत नाल मारीत ते माणसांना! ओळीनें चालणाऱ्या हजारों शिपायांच्या खिळ्यांचा दगडी रस्त्यावर होणारा नाद गांवकऱ्यांच्या कानीं आधींच पोंचत असला पाहिजे. ज्युव्हेनल नांवाच्या विनोदी कवीनें रोम शहरांतील गर्दीचें वर्णन करितांना, एका शिपायाच्या वहाणेचा खिळा आपल्या पायाच्या बोटांत रुतला, अशी तक्रार केली आहे. विरारच्या गाडींत सकाळीं उभ्यानें प्रवास करणाऱ्या आमच्या पालकवर्गास या कवीविषयीं विशेष सहानुभूति वाटेल.

परंतु जें मातीवर तारतें तेंच गुळगुळीत फरशीवर मारतें. जोसिफस या यहुदी इतिहासकारानें याचें एक हृदयद्रावक उदाहरण नमूद केलें आहे. इसवी सन ७० मध्यें रोमन सैन्यानें जेरुसलेम शहरास वेढा दिला होता. मंदिराजवळच्या लढाईंत रोमन लोक मागें हटूं लागले, तेव्हां बिथिनिया प्रांताचा ज्युलियानस नांवाचा एक सेंच्युरियन एकटाच पुढें सरसावला. त्याचें बळ आणि आवेश असा कीं, विजयी होत असलेला शत्रुसमूह त्याच्यापुढें दुभंगून मंदिराच्या आवाराच्या कोपऱ्यापर्यंत पळाला. तो त्यांच्या पाठीस लागून फरशीवरून धांवत असतां त्याच्या वहाणांचे खिळे गुळगुळीत दगडावरून घसरले आणि तो चिलखतासह उताणा पडला. त्या आवाजानें पळणारे मागें फिरले. त्यांनीं त्यास गराडा घातला. पडल्या पडल्याही तो ढालीआड मान लपवून बराच वेळ झुंजला, अनेकांस त्यानें जखमी केलें, पण शेवटीं तो मारला गेला. त्याच्या साथीदारांपैकीं एकालाही त्याच्या मदतीस जातां आलें नाहीं. जोसिफस स्वतः त्या मोहिमेंत रोमन छावणीत होता, आणि ज्युलियानसाविषयीं लिहितांना त्याची लेखणी आदरानें चालते. आपल्या तारापूरच्या किल्ल्यास जानेवारी १७३९ मध्यें मराठ्यांनीं वेढा दिला, त्यांत बाजी भिवराव रेठरेकर हा शूर सरदार पडला; त्यास गोळी लागली होती. पराक्रमी पुरुषास गोळीनें मरण यावें हें युद्धांत घडतेंच. स्वतःच्याच वहाणेनें दगा द्यावा, हें अधिक चटका लावणारें आहे.

हेच खिळे आज इतिहाससंशोधकांच्या फार उपयोगीं पडतात. चालतांना एखादा खिळा निखळून पडे. शिपाई त्याकडे ढुंकूनही पाहात नसे. स्पेन देशांत बेकुला येथें इसवी सनापूर्वीं २०८ मध्यें रोमन सेनापति सिपिओ व कार्थेजचे लोक यांची लढाई झाली. त्या रणभूमीवर संशोधकांनीं धातुशोधक यंत्रें फिरवून असे गळलेले खिळे शोधून काढले, ते नकाशावर मांडले, आणि रोमन सैन्य कोणत्या बाजूनें टेंकडी चढलें हें त्या ठिपक्यांवरून दाखविलें. सीझरनें इसवी सनापूर्वीं ५२ मध्यें फ्रान्समधील अलेसिया येथें वेढा दिला, तेथील खिळ्यांच्या डोक्यांखालीं क्रूस व टिंबें यांच्या उठावदार खुणा आहेत. त्यांवरून खिळ्यांचा काळ ठरवितां येतो. गॅलिली सरोवराजवळील हिप्पोस या प्राचीन नगराच्या तटाच्या चुन्यांत तर खिळेदार वहाणेचा अख्खा ठसाच उमटलेला सांपडला आहे. गवंड्यानें ओला चुना पसरला असेल व त्यावर कोणाचा तरी पाय पडला असेल, एवढीच ती घटना. पण ती दगडाच्या लेखाप्रमाणें टिकली.

खिळे झिजत व पैसा लागे. इसवी सन ६९ मधील यादवींत वेस्पाझियनच्या पक्षाच्या शिपायांनीं 'क्लाव्हेरियम', म्हणजे खिळेभत्ता, मागितल्याचें टॅसिटस लिहितो. पुढें हाच वेस्पाझियन बादशहा झाला. पैशाच्या बाबतींत त्याचा हात आंखडता. समुद्रकांठच्या बंदरांतून रोमला पाळीपाळीनें पायीं येणाऱ्या आरमारी लोकांनीं त्याच्याकडे जोड्यांसाठीं भत्ता मागितला, तेव्हां त्यानें उत्तर न देतां त्यांस यापुढें अनवाणीच चालण्याचा हुकूम केला! स्वेटोनियस म्हणतो कीं, ते लोक तेव्हांपासून तसेच धांवत जात. ही गोष्ट वाचून हंसूं येतें खरें, परंतु त्या आरमारी लोकांस खात्रीनें आलें नसावें. ईजिप्त देशांत एका कागदावर इसवी सन ८१ मधील दोन शिपायांच्या पगाराचा हिशेब सांपडला आहे. वर्षाच्या तीन हप्त्यांपैकीं प्रत्येक हप्ता सुमारें २४८ द्राख्मांचा. त्यांतून पहिल्या हप्त्यास अन्नासाठीं ८० द्राख्मा आणि वहाणा व पायपट्ट्या यांसाठीं १२ द्राख्मा कापून घेतलेल्या आहेत. म्हणजे वहाण सरकार देई, पण फुकट देत नसे. इसवी सन ३०१ मध्यें डायोक्लिशियन बादशहानें महागाई थांबविण्यास सर्व मालाच्या कमाल किंमती ठरवून दिल्या. त्यांत शिपायांच्या वहाणांचा जोड, खिळ्यांवांचून, १०० दिनारांचा आहे. त्याच हुकुमांत शेतमजुराची रोजची मजुरी जेवणासह २५ दिनार आहे. चार दिवस राबावें तेव्हां एक जोड पदरीं पडे. खिळ्यांचा खर्च निराळा.

या वहाणेनें भाषेंतही आपली जागा केली. साध्या शिपायास 'कॅलिगाटस', म्हणजे वहाणवाला, म्हणत, आणि त्यांत कमीपणा नव्हता. सेनेका या तत्त्ववेत्त्यानें प्रसिद्ध सेनापति मारियस याच्या उत्कर्षाविषयीं लिहितांना, तो वहाणेपासून कॉन्सलच्या पदापर्यंत चढला, अशा अर्थाचे शब्द वापरले आहेत. ऱ्हाइन नदीकांठच्या छावणींत एका सेनापतीचा लहान मुलगा शिपायाच्या पोशाखांत वावरे. त्याच्या इवल्या वहाणा पाहून शिपायांनीं लाडानें त्यास 'कॅलिग्युला', म्हणजे छोटी वहाण, असें नांव दिलें. हा मुलगा इसवी सन ३७ मध्यें बादशहा झाला व चारच वर्षांत स्वतःच्या रक्षकांकडून मारला गेला. त्याचें खरें नांव गायस. पण जगाच्या लक्षांत राहिली ती छावणींतील वहाणच.

उलट आपल्या भाषेंत पाहा. 'पायांतली वहाण पायांतच बरी' ही म्हण आपण किती सहज उच्चारतों! तींत वहाणेचा कमीपणा गृहीत धरलेला आहे, आणि खरें बोलावयाचें तर वहाण करणाऱ्याचाही. ज्याच्या हातच्या वस्तूवांचून आपला एक दिवस निभत नाहीं, त्यास आपल्या समाजानें शतकानुशतकें गांवाच्या कडेस बसविलें. रोमन लोकांतही चांभारकामास उच्च मानीत असें नाहीं. पण सैन्यांत मात्र त्याचा हिशेब इतर कामांबरोबर मांडलेला दिसतो. ब्रिटनच्या उत्तरेस विंडोलांडा नांवाच्या रोमन छावणींत पातळ लांकडी पट्ट्यांवर शाईनें लिहिलेले जुने कागदपत्र मिळाले आहेत. त्यांतील एका टिपणांत कारखान्यांत २५ एप्रिल रोजीं कामावर असलेल्या ३४३ माणसांची वांटणी आहे. स्नानगृह बांधण्यास १८ गवंडी पाठविल्याची नोंद आहे. आणि तिच्याही आधीं, यादीच्या अगदीं आरंभीं, १२ चांभार आहेत.

आमच्या कारागिरांचें नांव कागदावर येण्यास फार उशीर लागला. कोल्हापुरी चपलेस महाराष्ट्र व कर्नाटक यांतील आठ जिल्ह्यांच्या नांवें भौगोलिक मानांकन मिळालें तें २०१९ मध्यें. तरीही जून २०२५ मध्यें इटलींतील मिलान शहरीं प्राडा या नामांकित पेढीनें आपल्या नव्या पोशाखांच्या प्रदर्शनांत तशाच घडणीच्या चपला मांडल्या, तेव्हां कोल्हापूरचा उल्लेख केला नव्हता. महाराष्ट्रांतून आक्षेप घेतला गेल्यावर त्या पेढीनें मूळ कोठलें हें मान्य केलें.

विंडोलांडाचा उल्लेख आलाच आहे, तर तेथील कातड्याविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. कातडें सहसा मातींत कुजून जातें. परंतु सालीनें कमावलेलें कातडें ओल्या, हवा न शिरणाऱ्या चिखलांत पडलें तर तें शतकानुशतकें टिकतें, कारण सालींतील तुरट द्रव्य त्यास कुजूं देत नाहीं. त्यामुळें या एका ठिकाणीं पांच हजारांहून अधिक जोडे सांपडले आहेत. त्यांत बायकांचे व लहान मुलांचेही आहेत. छावणीच्या तटाच्या आंत केवळ पुरुष राहात, ही जुनी समजूत त्यामुळें सोडून द्यावी लागली. तेथेंच सांपडलेल्या एका पत्रांत कोणीतरी कोणास पायमोजे, वहाणांचे दोन जोड आणि आंत घालावयाच्या चड्ड्यांचे दोन जोड पाठविल्याचें लिहिलें आहे. घरापासून दूर, थंड मुलखांत राहणाऱ्या माणसास असें गाठोडें आल्यावर काय वाटत असेल, हें नोकरीनिमित्त परगांवीं राहणारांस समजावून सांगावें लागणार नाहीं. याच भागांत मॅग्ना नावाच्या छावणींत मे २०२५ मध्यें ३२ सेंटिमीटरांहून लांब असा एक जोडा निघाला, आणि एवढ्या मोठ्या पायांचे हे लोक कोण, असा संशोधकांत कुतूहलाचा विषय झाला.

विंडोलांडाच्या जोड्यांत बंद बुटांचा भरणा मोठा आहे, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे. पहिल्या शतकाच्या अखेरीपासून कॅलिगा मागें पडत गेली. भूमध्य समुद्राच्या कोरड्या हवेंत जी वहाण उत्तम, ती उत्तरेकडील बर्फांत पुरी पडेना. डायोक्लिशियनच्या हुकुमांत जें नांव आहे तें बहुधा या नव्या बुटांचें. वस्तु बदलली, नांव तेवढें राहिलें. खिळे मात्र बंद बुटांच्या तळाशींही तसेच राहिले, आणि पुढें युरोपांतील अनेक फौजांनीं ते ठेविले.

त्या खिळेदार बुटांचा पुढचा एक अध्याय आपल्या मराठी माणसांनीं लिहिला आहे. दुसऱ्या महायुद्धांत ब्रिटिश व हिंदी पायदळाच्या लष्करी बुटांच्या तळांस खिळे ठोकलेले असत. मराठा लाइट इन्फंट्रीच्या पलटणी १९४४ व १९४५ या वर्षीं इटलींत लढत होत्या. ज्या टायबर नदीच्या कांठीं रोम वसलें, तिच्याच वरच्या खोऱ्यांत १० जुलै १९४४ रोजीं आजच्या रायगड जिल्ह्यांतील यशवंत घाडगे यांनीं शत्रूच्या मशीनगनीवर एकट्यानें चाल केली. आपल्या तुकडीचे बाकीचे सर्व लोक पडले असतां त्यांनीं ती गन काबीज केली, आणि तेथेंच त्यांस वीरमरण आलें. पुढील वर्षीं ९ एप्रिल रोजीं सेनियो नदीवर अहमदनगर जिल्ह्यांतील नामदेव जाधव यांनीं जखमी सोबत्यांस खोल पाण्यांतून व सुरुंग पेरलेल्या जमिनीवरून पाठीवर वाहून आणलें आणि परत जाऊन शत्रूच्या मशीनगन बंद पाडल्या. दोघांसही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ज्या मातींत रोमन शिपायांचे खिळे गळून पडले होते, त्याच मातींत दोन हजार वर्षांनीं सह्याद्रीच्या पायथ्याच्या व गोदावरीच्या खोऱ्यांतील शेतकऱ्यांच्या मुलांच्या बुटांचे खिळे पडले. युद्ध संपल्यावर कांहीं वर्षांनीं लष्करी बुटांस रबरी तळ आले, आणि खिळे ठोकण्याचें काम बंद पडलें.